‘करप्ट’ म्हणण्याआधी : न उघडणाऱ्या फायलींविषयी

सोलापुरातल्या कुठल्याही झेरॉक्स-प्रिंटच्या दुकानात दुपारी तासभर उभं राहिलं, की "फाईल उघडंना की वो" हे वाक्य कानावर पडतंच. मग पेन ड्राईव्ह काढून दुसरीकडे लावला जातो, फाईलवर तावातावाने पाच-सहा क्लिक होतात, आणि मागे उभा असलेला कोणीतरी जाणकार निकाल देतो : करप्ट झाली. गिऱ्हाईक बिचारं घरी जातं, रात्र जागून प्रोजेक्ट रिपोर्ट पुन्हा टाइप करायला.

हा निकाल बहुतेक वेळा घाईचा असतो. डीटीपीच्या धंद्यात लोकांच्या फायली हाताळताना मला जे दिसतं ते असं : खरोखर आतून बिघडलेल्या फायली त्या मानाने थोड्या. बाकीच्या अर्धवट आलेल्या, चुकीच्या नावाच्या, पासवर्ड घातलेल्या, नाहीतर समोरच्या कॉम्प्युटरवर त्या वाचणारा प्रोग्रामच नाही अशा. काही तर मुळात आलेल्याच नसतात, नुसती पाटी आलेली असते. प्रत्येकीचा इलाज वेगळा. त्यामुळे दुरुस्तीच्या मागे लागण्याआधी आपल्यासमोर यातलं नेमकं काय आहे, ते ओळखायचं.

त्याहीआधी एक काम करा. फाईलची कॉपी डेस्कटॉपवर घ्या आणि सगळे प्रयोग त्या कॉपीवर करा. पेन ड्राईव्हवरून थेट उघडू नका. कॉपी होता होताच एरर आली, तर तीही कामाची माहिती आहे : दोष फाईलच्या रचनेत नसून पेन ड्राईव्हमध्ये असण्याची शक्यता जास्त.

आता फाईल म्हणजे काय ते थोडक्यात. कॉम्प्युटरच्या लेखी ती आकड्यांची एक लांबलचक ओळ असते. शून्य ते २५५ मधला एक आकडा, त्यापुढे दुसरा, असे लाखो. फोटो असो, लग्नपत्रिका असो की जीएसटीचा हिशेब, साठवण एकाच पद्धतीची. त्या आकड्यांना अर्थ देतो तो वाचणारा प्रोग्राम. सोलापूरकरांना हे समजायला जड नाही. चादरीवरचा मोर विणला जाताना ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत आहे, की जॅकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राच्या, पुठ्ठ्याच्या कार्डांवर मोर कुठेच काढलेला नसतो. असतात ती फक्त भोकं. भोक असेल तिथला हुक उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो, आणि त्यातून कापडावर पिसारा उमटतो. तीच कार्डांची माळ वेगळ्या बांधणीच्या मागावर चढवली, तर कार्डं शाबूत असूनही मोर येणार नाही. आणि माग बरोबर असून मधली कार्डं फाटली असतील, तर तेवढ्या पट्ट्यात खोट दिसेल. फायलींच्या तक्रारीही अशाच दोन घरांत वाटता येतात : कार्डं ठीक पण माग चुकीचा, किंवा माग ठीक पण कार्डं तुटलेली.

आधी साइझ बघा

फाईलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडलं की साइझ दिसते. या एका आकड्यावरून निम्मं कोडं सुटतं, आणि तो कोणी बघत नाही.

शून्य केबी असेल तर आत काहीच नाही. ती दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका. जिथून आली तिथून पुन्हा मागवा.

एक-दोन केबी असेल आणि आयकॉनच्या कोपऱ्यात छोटा बाण असेल, तर तो शॉर्टकट आहे. ही गोष्ट दुकानात इतक्या वेळा होते की सांगता सोय नाही. घरच्या डेस्कटॉपवर ‘रिझ्युम’ नावाचा आयकॉन असतो, माणूस तोच उचलून पेन ड्राईव्हवर टाकतो. खरी फाईल घरच्याच कॉम्प्युटरवर, भलत्याच फोल्डरमध्ये बसलेली असते. पेन ड्राईव्हवर येतो तो फक्त तिचा पत्ता, आणि तो पत्ता दुकानातल्या कॉम्प्युटरवर अस्तित्वातच नसतो. इलाज एकच, घरी फोन लावायचा : "राइट क्लिक करून ‘ओपन फाईल लोकेशन’ म्हण, आणि तिथली फाईल व्हॉट्सॲपवर पाठव."

गुगल डॉक्सचंही तसंच. गुगल ड्राईव्हचा प्रोग्राम कॉम्प्युटरवर घातलेला असला, की डॉक्समधली कागदपत्रं तिथे फायलींसारखी दिसतात आणि पेन ड्राईव्हवर कॉपीही होतात. पण शेवटी ‘जीडॉक’ किंवा ‘जीशीट’ असं लिहिलेलं असतं आणि आत असते फक्त एक लिंक. मजकूर गुगलकडेच राहतो. गुगल डॉक्समध्ये जाऊन डाउनलोड या पर्यायातून वर्ड किंवा पीडीएफ करून घेतलं, तरच ते तुमच्या हातात येतं. नव्या लॅपटॉपवर वनड्राईव्ह चालू असेल, तर नावापुढे निळसर ढगाचं चिन्ह दिसतं. म्हणजे फाईल इंटरनेटवर आहे, डिस्कवर नाही. नेट गेलं की ती उघडणार नाही. राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडलं की ती डिस्कवर उतरते.

नावाच्या शेवटी ‘सीआरडाउनलोड’ किंवा ‘पार्ट’ असेल, तर डाउनलोड मध्येच तुटलंय. नाव बदलून ते पूर्ण होत नाही.

नाव एक, आत दुसरंच

फाईलच्या नावातल्या शेवटच्या डॉटनंतरची अक्षरं म्हणजे एक्स्टेन्शन : पीडीएफ, जेपीजी, डॉकएक्स वगैरे. कुठली फाईल कोणत्या प्रोग्रामकडे द्यायची हे विंडोज एवढ्यावरच ठरवतं, आत डोकावत नाही. आणि गंमत म्हणजे हीच अक्षरं विंडोज मुळात लपवून ठेवतं. हा निर्णय मला कधीच पटलेला नाही. कुठलंही फोल्डर उघडून वरच्या व्ह्यू मेनूत ‘फाईल नेम एक्स्टेन्शन्स’ सुरू करा. विंडोज ११ मध्ये तो पर्याय व्ह्यूच्या आत ‘शो’खाली आहे. यात सुरक्षेचाही प्रश्न आहे. ‘फोटो डॉट जेपीजी डॉट ईएक्सई’ नावाचा व्हायरस एक्स्टेन्शन लपलेलं असताना साधा ‘फोटो डॉट जेपीजी’ दिसतो.

आत खरंच काय आहे ते कळायला नोटपॅड पुरतं. कॉपीवर राइट क्लिक, ‘ओपन विथ’, नोटपॅड. पडदाभर अगम्य चिन्हं येतील; घाबरायचं नाही, फक्त पहिली ओळ वाचायची. बहुतेक प्रकारच्या फायली सुरुवातीलाच स्वतःची ओळख लिहून ठेवतात. पीडीएफच्या सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह आणि लगेच इंग्रजीत पीडीएफ ही अक्षरं असतात. पीएनजी चित्रात पीएनजी लिहिलेलं सापडतं, जेपीजी फोटोत बहुधा जेएफआयएफ किंवा एक्झिफ. झिप फाईल, म्हणजे अनेक फायलींचं दाबून बांधलेलं गाठोडं, ‘पीके’ या दोन अक्षरांनी सुरू होते. १९८९ मध्ये हा प्रकार आणणाऱ्या फिल कॅट्झची ती आद्याक्षरं, अजून जगभरच्या फायलींत फिरतायत. बघून झालं की नोटपॅड बंद करा, आणि ‘सेव्ह करू का’ विचारलं तर ठामपणे नाही म्हणा. नोटपॅडमधून सेव्ह झालेला फोटो किंवा पीडीएफ खरोखरच नासतो. फाईल खूप मोठी असेल, व्हिडिओ वगैरे, तर हा प्रयोग करू नका. नोटपॅड गोठून बसतं.

यातून काय काय बाहेर येतं बघा. एखाद्या सरकारी किंवा बँकेच्या साइटवरून उतरवलेली ‘पीडीएफ’ उघडत नाही, आणि नोटपॅडमध्ये पहिल्याच ओळीत ‘डॉकटाइप एचटीएमएल’ दिसतं. म्हणजे ती पीडीएफ नाहीच, वेबपेज आहे. तुमचं लॉगिन संपलेलं होतं. साइटने पावतीऐवजी ‘पुन्हा लॉगिन करा’ असं सांगणारं पान दिलं आणि ब्राउझरने ते पीडीएफच्या नावाने ठेवून दिलं. अशा फाईलवर दुरुस्तीचं सॉफ्टवेअर चालवणाऱ्यांची मला कीव येते. पुन्हा लॉगिन करून डाउनलोड केलं की संपलं. याच प्रकाराची एक्सेलमधली बहीण याहून सोज्वळ आहे : काही पोर्टलचे रिपोर्ट नावाने ‘एक्सएलएस’ असतात आणि आत वेबपेजचाच तक्ता असतो. एक्सेल सांगतं की फाईलचा प्रकार आणि एक्स्टेन्शन जुळत नाही, फाईल खराब किंवा धोक्याची असू शकते. तुम्ही स्वतः त्या पोर्टलवरून उतरवली असेल तर ‘येस’ म्हणा, उघडते. अनोळखी मेलमधून आली असेल तर नको.

व्हॉट्सॲपवरून आलेल्या कागदपत्रांना कधी कधी एक्स्टेन्शनच नसतं. ‘डॉक’, तारीख, ‘डब्ल्यूए’ आणि पुढे आकडे, एवढंच नाव. विंडोज विचारतं, हे कशात उघडू? पहिली ओळ वाचून पीडीएफ दिसलं तर नावाच्या शेवटी डॉट पीडीएफ लावा, काम झालं. ‘पीके’ दिसलं तर मात्र थांबून विचार करावा लागतो. २००७ च्या ऑफिसपासून वर्ड, एक्सेल आणि पॉवरपॉइंटच्या ‘एक्स’ने संपणाऱ्या सगळ्या फायली मुळात झिपच आहेत. पाठवणाऱ्याला विचारा, किंवा डॉट झिप लावून उघडून बघा : आत ‘वर्ड’ नावाचं फोल्डर असेल तर डॉकएक्स, ‘एक्सएल’ असेल तर एक्सएलएसएक्स.

इथे एक गैरसमज पसरलेला आहे. एक्स्टेन्शन बदलल्याने फाईल बदलत नाही. जेपीजीच्या शेवटी पीडीएफ लिहून ती पीडीएफ होत नाही. पाटी बदलली, दुकानातला माल तोच. नाव बदलणं तेव्हाच उपयोगी, जेव्हा आधीचं नाव चुकीचं होतं.

फाईल धडधाकट, पण वाचणारा नाही

आयफोनचे फोटो हे याचं रोजचं उदाहरण. २०१७ मध्ये आयओएस ११ आलं तेव्हापासून आयफोन एचईआयसी प्रकारात फोटो साठवतो. जागा कमी लागते, पण विंडोजवर ते आपोआप उघडतीलच असं नाही. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून एचईआयएफ एक्स्टेन्शन नावाचा जोड-प्रोग्राम घ्यावा लागतो (नावातल्या एक्स्टेन्शनशी याचा संबंध नाही), आणि बऱ्याच ठिकाणी जोडीला एचईव्हीसीचाही. पासपोर्ट फोटोसाठी दुकानात येणार असाल तर सोपं म्हणजे फोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, फॉरमॅट्स, ‘मोस्ट कम्पॅटिबल’ करून ठेवा. पुढचे फोटो साध्या जेपीजीत येतील.

छपाईच्या धंद्यात हीच गोष्ट कोरलड्रॉ या डिझाइनच्या प्रोग्रामची. नव्या आवृत्तीत केलेला फ्लेक्सचा डिझाइन जुन्या आवृत्तीत उघडत नाही, आणि गड्ड्याच्या जत्रेचा किंवा वाढदिवसाचा बोर्ड नेमका रात्री अकराला पाठवला जातो. पाठवणाऱ्याने ‘सेव्ह ॲज’ करताना खालच्या यादीतून जुनी आवृत्ती निवडायला हवी होती. ते झालं नसेल तर निदान पीडीएफ मागवा. शहरातल्या जुन्या प्रेसमध्ये पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या प्रोग्रामच्या फायलींची थप्पी असेल, तर तिची काळजी आजच करा. पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७, ती २००१ ची. त्याच्या जागी आलेलं इनडिझाइन सीएस६ या आवृत्तीपर्यंत त्या फायली घेत असे, पुढच्या आवृत्त्यांनी ती सोय काढून टाकली. स्मरणिका, संस्थांचे अहवाल, वंशावळी असं बरंच काही त्या थप्पीत असतं. जुना कॉम्प्युटर चालू आहे तोवर सगळ्याच्या पीडीएफ करून ठेवा.

आणखी एक चकवा : पीडीएफ उघडते, पण आत एवढंच लिहिलेलं की ‘प्लीज वेट’, आणि खाली कितीही वेळ थांबलं तरी काही येत नाही. ही एक्सएफए नावाच्या प्रकारची फॉर्मवाली पीडीएफ. ब्राउझर आणि मोबाइलमधले बहुतेक वाचक तिला ओळखत नाहीत. कॉम्प्युटरवर ॲडोबीचा ॲक्रोबॅट रीडर घालून त्यातच उघडावी लागते. कंपनी मंत्रालयाचे जुने ई-फॉर्म असेच होते. जीएसटी आणि इन्कम टॅक्सच्या जेसन फायली डबल क्लिकने उघडून बघायच्या नसतातच. त्या पोर्टलला किंवा त्यांच्या ऑफलाइन टूलला द्यायच्या असतात. टॅलीचा बॅकअपही टॅलीत रिस्टोअर करायचा, बाहेरून उघडायचा नाही.

पासवर्डच्या फायलींविषयी फार सांगत नाही, पण दोन नियम लक्षात ठेवण्यासारखे. ई-आधारचा पासवर्ड म्हणजे आधारवर आहे तशा नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये, आणि पुढे जन्मसाल; नाव सुरेश आणि जन्म १९९० चा असेल तर एस, यू, आर, ई आणि १९९०, आकडेही इंग्रजी. इन्कम टॅक्सच्या एआयएसला, म्हणजे वर्षाच्या व्यवहारांच्या माहितीपत्रकाला, पॅन नंबर लहान अक्षरांत आणि पुढे जन्मतारीख, महिना, साल. पासवर्ड टाइप करताना ठिपकेच दिसतात, त्यामुळे कीबोर्ड मराठीवर राहिलाय हे कळतच नाही.

आणि कधी कधी दोष निव्वळ कारकुनी असतो. एक्सेल एकाच नावाच्या दोन फायली एका वेळी उघडत नाही, मग त्या वेगवेगळ्या फोल्डरमध्ये का असेनात. झिपमधून बाहेर न काढता आतच उघडलेली फाईल सेव्ह होत नाही. फोल्डरात फोल्डर, त्यात पुन्हा फोल्डर आणि प्रत्येकाचं नाव परिच्छेदाएवढं असेल, तर पूर्ण पत्ता २६० अक्षरांपलीकडे गेला की विंडोजमधले बरेच प्रोग्राम हात टेकतात. फाईल सरळ डेस्कटॉपवर आणली की उघडते. मेलमधून आलेली वर्डची फाईल ‘एरर ट्राइंग टू ओपन’ म्हणत असेल, तर प्रॉपर्टीजमध्ये तळाशी ‘अनब्लॉक’ची चौकट दिसतेय का बघा. इंटरनेटवरून आलेल्या फाईलवर विंडोज खूण करून ठेवतं, ती खूण त्याने निघते. अर्थात पाठवणारा ओळखीचा असेल तरच.

उघडली, पण वाचता येईना

सोलापुरात एका लग्नपत्रिकेत मराठी, तेलुगू आणि कन्नड या तिन्ही लिप्या येणं नवलाचं नाही. पूर्व भागातल्या घरची असेल तर तेलुगू, अक्कलकोटकडचे सोयरे असतील तर कन्नड. अशी फाईल एका दुकानातून दुसऱ्या दुकानात गेली की वधूच्या आजोबांच्या नावाजागी इंग्रजी अक्षरांचा आणि स्वल्पविरामांचा सडा पडलेला दिसतो. फाईल बिघडलेली नसते. भारतीय लिप्या कॉम्प्युटरवर आल्या त्या सुरुवातीच्या काळात इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवल्या गेल्या. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकचं आयएसएम, शिवाजी, किरण, कृतीदेव हे फॉन्ट, सगळ्यांची रीत साधारण हीच. पण कुठलं अक्षर कुठल्या जागी हे ज्याचं त्याने ठरवलं. त्यामुळे कॉम्प्युटरने साठवलेलं असतं इंग्रजी अक्षर, आणि तो विशिष्ट फॉन्ट त्याचा चेहरा ‘क’सारखा दाखवतो. फॉन्ट नसला की मूळ इंग्रजी अक्षर उघडं पडतं. तोच फॉन्ट घालणं हा पहिला इलाज. पत्रिकेसारख्या कामाला कोरलमध्ये अक्षरं ‘कन्व्हर्ट टू कर्व्ह्ज’ करून पाठवणं उत्तम, कारण मग फॉन्ट लागतच नाही. पण तशी फाईल पाठवण्याआधी मूळ वेगळी ठेवा; कर्व्ह्ज केल्यावर मुहूर्ताची वेळ बदलायची म्हटली तर टाइप करून दुरुस्त होत नाही.

यावरचा तोडगा म्हणजे युनिकोड, सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरलेले क्रमांक देणारा एकच तक्ता. त्याची पहिली आवृत्ती १९९१ ची, आणि तीत देवनागरीला स्वतःची जागा मिळाली. युनिकोडमध्ये टाइप केलेला ‘क’ कुठल्याही कॉम्प्युटरवर ‘क’च असतो. आता नव्या मजकुराला जुने फॉन्ट वापरण्याचं मला एकही चांगलं कारण दिसत नाही, छपाईतल्या काही अडचणी धरूनसुद्धा. जुना मजकूर कन्व्हर्टरने बदलता येतो. मात्र कुठल्या फॉन्टमधून ते बरोबर निवडायला हवं, आणि जोडाक्षरं, रफार, ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांत तेल घालून तपासावी लागतात.

युनिकोडमध्येही एक ठेच लागते. नावांची मराठी यादी सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुराच्या, प्रकारात आली आणि डबल क्लिकने एक्सेलमध्ये उघडली, की टोप्या-ठिपकेवाली युरोपीय अक्षरं दिसतात. एक्सेलने फाईल चुकीच्या तक्त्याने वाचली एवढंच. कोरी शीट उघडा, डेटा मेनूतून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ निवडा आणि ‘फाईल ओरिजिन’मध्ये ६५००१, म्हणजे यूटीएफ-८ ही युनिकोड साठवण्याची पद्धत. मराठी जागेवर येतं. आधीच तसल्या अक्षरांसकट सेव्ह करून टाकली असेल तर मग खरी पंचाईत.

खरोखर तुटलेल्या

इथवर येऊनही गुंता सुटला नाही, तर फाईल खरंच बिघडली असेल. उन्हाळ्यात वळवाचा पाऊस आला की सोलापुरात आधी वीज जाते. यूपीएस नसलेल्या कॉम्प्युटरवर त्याच क्षणी सेव्ह होत असलेली फाईल अशी काही बिघडते, की साइझ बरोबर दिसते पण आत सगळी शून्यं. याचं कारण असं : विंडोजची एनटीएफएस पद्धत फाईलचं नाव, साइझ, जागा यांची नोंद सांभाळून ठेवते, पण आतल्या मजकुराची तशी हमी घेत नाही. नोंद झाली, मजकूर लिहायचा राहिला आणि वीज गेली, की पोतं शिवलेलं आणि धान्य नाही. अशा फाईलमधून काहीच निघत नाही. वर्ड किंवा एक्सेल पुन्हा उघडून ऑटोरिकव्हरमध्ये काही सापडतंय का एवढंच बघायचं. ऑटोरिकव्हर मुळात दर १० मिनिटांनी नोंद घेतं; सेटिंगमध्ये जाऊन ते दोन-तीन मिनिटांवर आणून ठेवा.

अर्धवट आलेल्या फायलींचं वागणं मात्र वेगवेगळं असतं, आणि त्यामागचं कारण मजेशीर आहे. अर्धा जेपीजी फोटो उघडतो. वरचा भाग दिसतो, खाली राखाडी. अर्धी टेक्स्ट फाईल उघडते. पण ९५ टक्के आलेली झिप किंवा डॉकएक्स उघडतच नाही. झिपची अनुक्रमणिका, म्हणजे आत काय काय आहे आणि कुठे आहे याची यादी, फाईलच्या अगदी शेवटी असते. शेवटचा तुकडा आला नाही की सगळा माल असूनही वाचणाऱ्याला काही सापडत नाही. पीडीएफचीही यादी साधारणपणे शेवटी असते; पण काही वाचक सगळी फाईल चाळून ती यादी नव्याने बांधतात, म्हणून एका प्रोग्राममध्ये न उघडणारी पीडीएफ क्रोममध्ये कधी कधी उघडते. तिथून प्रिंट मेनूतल्या ‘सेव्ह ॲज पीडीएफ’ने नवी करून घ्यायची.

लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांना याचा सर्वांत मोठा फटका बसतो. एमपी४ व्हिडिओची अनुक्रमणिका कॅमेरा रेकॉर्डिंग थांबवताना लिहितो. मंगलाष्टकं चालू असताना बॅटरी संपली किंवा कार्ड ओढून काढलं, तर कित्येक जीबीची फाईल तयार असते पण चालत नाही. ती पुसू नका. अनट्रंक नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्याला त्याच कॅमेऱ्याने, त्याच सेटिंगवर काढलेला एक धडधाकट व्हिडिओ नमुना म्हणून द्यायचा, आणि ते हरवलेली यादी अंदाजाने पुन्हा रचतं. दर वेळी यश येत नाही, पण बऱ्याचदा आवाजासकट बराचसा भाग परत मिळतो. कार्डावर पुढचं काही रेकॉर्ड करायचं नाही, ही मात्र अट.

वर्डची फाईल असेल तर डबल क्लिक करत बसण्यापेक्षा वर्ड उघडून, ‘ओपन’मधून फाईल निवडा आणि ओपनच्या बटणाशेजारच्या बाणातून ‘ओपन अँड रिपेअर’ घ्या. एक्सेललाही तेच. त्याने झालं नाही तर लिबरऑफिसमध्ये उघडून बघा. ते मोफत आहे आणि वर्ड जिथे हट्ट धरून बसतं तिथे पुष्कळदा फाईल उघडून देतं. शेवटचा उपाय वर आलेलाच आहे : डॉकएक्सची कॉपी घेऊन नाव झिप करा आणि सेव्हन-झिप या झिप उघडणाऱ्या प्रोग्रामने उघडा. ‘वर्ड’ फोल्डरातल्या ‘मीडिया’त सगळे फोटो सुटे सापडतात, आणि ‘डॉक्युमेंट’ नावाच्या एक्सएमएल फाईलमध्ये मजकूर, खुणांच्या जंजाळात का होईना. प्रबंधाचा सांगाडा यातून परत मिळतो. मार्जिन आणि तक्ते पुन्हा करायचे. ऑनलाइन मोफत दुरुस्ती करून देणाऱ्या साइटवर आधार, बँक स्टेटमेंट, प्रश्नपत्रिका असलं काही चढवू नका. फाईल तिकडे गेली की तिचं पुढे काय होतं ते तुमच्या हातात राहत नाही.

पेन ड्राईव्हचा एक प्रकार वेगळा सांगायला हवा. रस्त्यावर किंवा ऑनलाइन कवडीमोल भावात मिळणारे एक-दोन टीबीचे पेन ड्राईव्ह बहुधा खोटे असतात. आतली चिप छोटी, कॉम्प्युटरला सांगते मोठी. सुरुवातीचे काही जीबी नीट बसतात. पुढच्या फायलींची नावं आणि साइझ दिसतात, मजकूर कुठेच नसतो किंवा आधीच्याच मजकुरावर लिहिला गेलेला असतो. उघडत नाहीत त्या याच. एचटूटेस्टडब्ल्यू हे छोटं मोफत सॉफ्टवेअर रिकाम्या पेन ड्राईव्हवर चालवलं की खरी जागा कळते. पेन ड्राईव्ह लावल्यावर ‘फॉरमॅट करा’ असं विचारलं आणि आतला डेटा हवा असेल, तर ‘कॅन्सल’. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर सॉफ्टवेअरने तिला चाळत बसू नका. कॉम्प्युटर बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडेच न्या; चालू ठेवलेलं प्रत्येक मिनिट उरलेलं पुसत असतं.

दोन व्हायरस

पेन ड्राईव्हवरचे सगळे फोल्डर अचानक शॉर्टकट झाले, तर फायली बहुधा गेलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. व्हायरस खरे फोल्डर हिडन आणि सिस्टिम करून ठेवतो आणि त्यांच्या नावाचे शॉर्टकट मांडतो. शॉर्टकटवर क्लिक केलं की तो त्या कॉम्प्युटरमध्ये शिरतो. म्हणून क्लिक करू नका. अँटिव्हायरसने स्कॅन करा, मग फोल्डर ऑप्शन्समध्ये हिडन फायली दाखवा आणि ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’ची खूण काढा. खरे फोल्डर फिकट रंगात दिसतील, तिथून फक्त आपली कागदपत्रं कॉपी करून घ्या.

दुसरा प्रकार गंभीर. एका रात्रीत सगळ्याच फायलींच्या शेवटी एखादं अनोळखी एक्स्टेन्शन लागलेलं, आणि प्रत्येक फोल्डरात पैसे मागणारी चिठ्ठी. हे रॅन्समवेअर, मे २०१७ मधल्या वॉनाक्रायमुळे हे नाव सगळीकडे झालं. इथे नाव बदलून काही होत नाही, आतले आकडेच किल्ली लावून बदललेले असतात. आधी नेटची वायर काढा आणि वायफाय बंद करा, बॅकअपची हार्ड डिस्क चुकूनही जोडू नका. तक्रार १९३० या हेल्पलाइनवर किंवा राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर करता येते. पैसे भरले तरी किल्ली मिळेलच असं नाही. ‘नो मोअर रॅन्सम’ हा युरोपोल ही युरोपीय पोलीस संस्था, नेदरलँड्सचे पोलीस आणि सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये सुरू केलेला उपक्रम आहे; तिथे एक बंद फाईल आणि ती चिठ्ठी दिली की कुठल्या जातीचं रॅन्समवेअर आहे आणि त्यावर मोफत किल्ली निघाली आहे का ते कळतं. आज किल्ली नसेल तरी बंद फायली आणि चिठ्ठी वेगळ्या डिस्कवर काढून ठेवा. पोलिसांनी टोळी पकडली किंवा तज्ज्ञांना खोट सापडली, की काही जातींच्या किल्ल्या महिन्यांनी, वर्षांनीही बाहेर येतात.